थोरल्या जावेचा गुन्हा

"यांना घरात बोलावलं कुणी?"

दिराचा आवाज जिन्यापर्यंत गेला असावा, कारण वरच्या मजल्यावरचं एक दार किंचित उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. दारात कुटुंब आधार केंद्रातल्या दोन बायका उभ्या होत्या. गळ्यात ओळखपत्रं, खांद्याला कापडी पिशव्या, आणि चेहऱ्यावर असलं बोलणं रोज ऐकणाऱ्या माणसांचा शांतपणा. सासूबाई कोचावरून अर्धवट उठल्या होत्या. आतल्या खोलीत तान्ही चिमणी रडून रडून निळी झाली होती, आणि तिची आई, घरातली धाकटी सून, भिंतीकडे तोंड करून पडली होती... ते रडणं जणू शेजारच्या बिऱ्हाडातून येत होतं!

"मी बोलावलं," थोरली म्हणाली.

आणि ते म्हणतानाच तिला कळून चुकलं, की या घरातलं आपलं अन्नपाणी आज संपलं.

नवरा गेल्यावरही ती याच घरात राहिली होती. इस्पितळाच्या धुलाईखान्यात दिवसभर वाफेत उभं राहून चादरी इस्त्री करायच्या, संध्याकाळी येऊन स्वयंपाकाला लागायचं, आणि कुणी विचारलं तर 'माझं छान चाललंय' म्हणायचं, असं तिचं आयुष्य. पोटी मूल नव्हतं. धाकटीला दिवस गेले तेव्हा थोरलीच्याच हाताने दुपटी शिवली गेली, आणि तिच्याच हातावर चिमणी पहिल्यांदा हसली.

पण धाकटी मात्र बाळंतपणानंतर हसायचीच विसरली. केस विंचरायची नाही, जेवायची नाही, बाळ मांडीवर ठेवलं तर एखादं ओझं सांभाळावं तशी अवघडून बसायची. "आम्ही नाही का पोरं वाढवली? नखरे सगळे!" सासूबाई म्हणायच्या. लिफ्ट दुरुस्तीची कामं करून दमूनभागून घरी येणारा तिचा नवरा म्हणायचा, "झोप झाली की येईल ताळ्यावर."

मग ती दुपार आली. धुलाईखान्यातलं मोठं यंत्र बंद पडलं, सगळ्यांना लवकर सुट्टी मिळाली, आणि थोरली अवेळी घरी परतली. सासूबाई डोळे तपासायला गेल्या होत्या. न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं आणि खालून पाणी ओसंडून पार बैठकीपर्यंत आलं होतं. तिने दार ढकललं...

नळ सोडलेला, टब काठोकाठ भरलेला. त्याच्या काठावर धाकटी बसली होती आणि तिच्या दोन्ही हातांवर चिमणी होती, इतकी खाली, की इवल्या मानेमागचं जावळ पाण्यावर तरंगत होतं. बाळ टक्क जागं होतं, आईकडे बघत होतं. धाकटीने मान वर केली आणि दूध तापलं का असं विचारावं इतक्या साध्या आवाजात विचारलं, "ताई, हिला सोडलं तर सगळं शांत होईल ना हो?"

थोरलीने बाळ कसं उचललं, नळ कसा बंद केला, काही काही आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच, की तो भिजलेला उबदार जीव गळ्याशी बिलगला, आणि भीतीने गोठलेल्या त्या क्षणीही तिच्या अंतःकरणाच्या तळातून एक आवाज उठला: आता ही माझी. आता मी हिला परत देणार नाही!

दुसऱ्याच क्षणी ती स्वतःच्याच विचाराने शहारली. समोर एक जीव बुडत होता, आणि आपण त्याच्या हातचं मूल आपलं म्हणत होतो! धाकटी ओल्या फरशीवर कोसळून तिचे पाय धरत होती, "ताई, कुणाला सांगू नका... मी कशी आई आहे हो, कसली आई आहे मी!" आणि तिला कुशीत घेताना थोरलीला त्या रडण्यापेक्षा आपल्याच मनाची जास्त लाज वाटत होती.

घरात कुणाला सांगणार नाही, असा शब्द तिने दिला. पण त्याच संध्याकाळी, बाळाच्या डॉक्टरांकडे भिंतीवर पाहिलेला आधार केंद्राचा नंबर तिने फिरवला. केंद्रातल्या मॅडमना, फक्त त्यांना, तिने खरं ते सगळं सांगितलं. त्यांनी डॉक्टरांची वेळ ठरवली, तोवर धाकटीला बाळाजवळ एकटी सोडू नका म्हणून बजावलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आम्ही मूल न्यायला आलेलो नाही," मॅडम आता समजावत होत्या, "आईला सावरायला आलोय. बाळंतपणानंतर असं होतं, त्याला उपचार असतात."

"माझ्या सुनेला वेडी ठरवायला आलात?" सासूबाई कडाडल्या आणि मग त्यांनी मोहरा वळवला. "हे सगळं हिचं कारस्थान! पहिल्यापासून हिचा डोळा त्या पोरीवर. स्वतःची कूस रिकामी, म्हणून दुसरीची रिकामी करायला निघाली!"

थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला. सगळं खोटं असतं तर ती भांडली असती, किंचाळली असती... पण त्यात कणभर खरं होतं, आणि तेवढ्या कणाने तिची जीभ टाळ्याला चिकटून बसली.

"सांगा ना वहिनी!" दीर पुढे झाला. "असं काय बघितलंत तुम्ही, की घरची अब्रू चव्हाट्यावर आणलीत?"

आतल्या खोलीत धाकटीने कूस बदलली होती. उघड्या दारातून तिचे डोळे दिसत होते. फासावर चढवलेल्या माणसाचे असावेत तसे.

"काही नाही बघितलं," थोरली म्हणाली. "मला आपलं वाटलं, बाळाची हेळसांड होतेय. म्हणून केला फोन."

"वाटलं? नुसतं वाटलं?" दिराने तिची बॅग आणून दारात टाकली. "निघा! माझ्या मुलीच्या आसपासही दिसू नका."

तेवढ्यात आतून एक क्षीण आवाज आला. "मला जायचंय... या मॅडमबरोबर. मला बरं व्हायचंय."

जिन्यात मॅडमनी थोरलीला गाठलं. "तुम्ही खरं का नाही सांगितलंत?"

"तिला या घरात जन्म काढायचाय, मॅडम. हे कळलं तर जन्मभर तिला बाळाला हात लावताना कुणीतरी बघत राहील. माझं काय, मी कुठेही राहीन." मग तिने एवढंच म्हटलं, "तुम्ही तिला सोडू नका."

धुलाईखान्यामागे एक खोली मिळाली. त्या घराची खबर मिळायला मार्ग नव्हता. मॅडम भेटल्या तरी "येतेय ती उपचारांना" यापलीकडे बोलायच्या नाहीत, आणि थोरलीही विचारायची नाही. एकदा मात्र बाजारात समोरून सासूबाई बाबागाडी ढकलत आल्या. थोरली नकळत थांबली. चिमणी केवढी झाली होती! सासूबाईंनी तिला पाहिलं, झटकन गाडीवरचं छत पुढे ओढून बाळाचं तोंड झाकलं, आणि रस्ता ओलांडून निघून गेल्या. भाजीवाली बघत होती. थोरली मेल्याहून मेल्यासारखी झाली; हातातली पिशवी तिथेच विसरून आली.

वर्ष सरत आलं होतं. एके दिवशी केंद्रातून निरोप आला: धाकटीच्या कुटुंबाची बैठक आहे, आणि तुम्ही यावं असा तिचा हट्ट आहे.

गोलात मांडलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात रंगीत ठोकळे. सासूबाईंनी तिला पाहून मान फिरवली. दीर छताकडे बघत राहिला. धाकटी ताठ बसली होती. केस विंचरलेले, मांडीवर चिमणी, आणि बाळाच्या पाठीवरून फिरणारा सवयीचा हात.

"मला काही सांगायचंय," ती म्हणाली. "मॅडम म्हणाल्या, तयारी असेल तरच सांग. माझी तयारी आहे."

"नको गं!" थोरली एकदम उठलीच. "झालं गेलं..."

"बसा ताई. तुम्ही माझ्यासाठी पुष्कळ गप्प बसलात."

आणि तिने सांगितलं. नळ, टब, पाण्यावर तरंगणारं जावळ... काहीही न झाकता. आवाज फुटला की थांबायची, पाणी प्यायची, पुन्हा सुरू करायची. "मी आजारी होते. हे म्हणायला मला इथे इतके महिने लागले. ताईंनी त्या दिवशी खरं सांगितलं असतं, तर तुम्ही मला बाहेर काढलं असतं. म्हणून त्या स्वतः बाहेर गेल्या."

सासूबाईंच्या तोंडातून "अगं बाई..." एवढंच निघालं. दिराने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

थोरलीला मात्र सुटल्यासारखं वाटेना. उलट या आदराने ती जास्तच ओशाळली. "मी एवढी थोर नाही गं," ती कशीबशी म्हणाली. "तुला माहीत नाही. त्या दिवशी माझ्या मनात..."

"माहीत आहे." धाकटी शांतपणे म्हणाली. "तुम्ही हिला छातीशी धरलंत ना, तेव्हा तुमच्या डोळ्यांत दिसलं मला. तुम्हाला ती हवी होती. ताई, त्या दिवशी घरात तेवढं एकच माणूस होतं, ज्याला ती हवी होती! त्यावरच तर ती जगली."

आणि मग थोरलीचा बांध फुटला. इतके दिवस दाबून ठेवलेला हुंदका असा काही बाहेर पडला, की चिमणीच दचकून रडायला लागली. सासूबाई उठल्या, चार पावलं चालून तिच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. काय करावं ते न सुचून त्यांनी तिच्या केसांवर हात ठेवला. "घरी चल," त्या म्हणाल्या. "मी हात जोडते."

"येत जाईन, आई. राहायला नाही... माझी खोली आहे आता. पण येत जाईन."

त्या घरात पुन्हा राहणं जमणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि ऐकणाऱ्यांनाही. सासूबाईंनी मान खाली घालून ते स्वीकारलं.

बाहेर पडताना दीर पायऱ्यांवर मागे रेंगाळला. "वहिनी," तो जमिनीकडे बघत पुटपुटला, "तुम्हाला तोंड कसं दाखवू?"

"तोंड राहू द्या, भाऊजी," थोरली डोळे पुसत म्हणाली. "बाबागाडी उचला आधी. पायऱ्यांवरून ती बिचारी एकटी कशी उतरवणार?"

दिराने गाडी उचलली आणि तो पुढे झाला. त्याच्यामागून दोघी जावा, मधे चिमणीला धरून, एकेक पायरी सावकाश उतरू लागल्या.