काटकोनची जागा

ही गोष्ट खरी आहे. मावशीच्या जावेच्या भावाने सांगितली म्हणून खरी, असली खरी नाही. मी स्वतः पाहिलेली, आणि टेप लावून मोजलेली.

या पानावर बहुतेक गोष्टी रात्री बाराला सुरू होतात. माझ्याकडे तशी सोय नाही. मंगळवार होता. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. डोक्यावर कडक ऊन.

जागा, एका मोठ्या गोदामाचं यार्ड. दार नंबर सात.

मी तिथे यार्ड सुपरवायझर आहे. कुठला ट्रेलर कुठल्या दाराला लागणार, कोण किती वाजता आला, उशीर झाल्यावर कोणाची कितवी आजी वारली, सगळं माझ्या वहीत असतं. ड्रायव्हर मला तोंडावर मॅडम म्हणतात, पाठीमागे 'वही'. मला दोन्ही चालतं.

माझा धाकटा भाऊ याच यार्डात ट्रेलर चालवायचा. नोकरी मीच लावून दिलेली. हात चांगला, डोकं घाईचं.

आणि काटकोन.

काटकोन आमचा सिग्नलमन. मागे उभं राहून, शिट्ट्या मारून ट्रेलर दाराला लावून देणारा. एक लांब शिट्टी म्हणजे ये. दोन आखूड म्हणजे थांब. त्याला हे नाव पडलं, कारण तो यार्ड कधी तिरपं ओलांडायचा नाही. कडेकडेने सरळ, कोपऱ्यावर वळायचं, पुन्हा सरळ. तोवर चहा निवला तरी बेहत्तर. नियमात लिहिलंय की सिग्नलमनने ड्रायव्हरच्या बाजूला, ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्यापासून तीन पावलं बाहेर, आरशात दिसेल असं उभं राहावं. बाकीचे अंदाजाने उभे राहतात. काटकोन पावलं मोजायचा. प्रत्येक गाडीला.

आता थोडं गाडीबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या ट्रेलरला मागे तीन अ‍ॅक्सल. त्यातल्या शेवटच्या अ‍ॅक्सलची चाकं वळती असतात. गाडी पुढे जाताना वळण आलं की ती आपली आपण वळतात, टायर वाचतात. पण रिव्हर्स घेताना तीच चाकं उंडारतात. भलतीकडे फिरतात आणि ट्रेलरचं शेपूट घेऊन जातात. म्हणून रिव्हर्सच्या आधी गाडी जरा सरळ पुढे घ्यायची, चाकं सरळ झाली की केबिनमधलं बटण दाबायचं. लॉकची पिन बसते. हिरवा दिवा लागतो. दिवा नाही तर रिव्हर्स नाही.

त्या मंगळवारी धाकट्याने गाडी पुढे घेतलीच नाही. बटण दाबलं आणि निघाला.

मी ऑफिसात होते. एक लांब शिट्टी ऐकली.

मग दोन आखूड...

दुसरी अर्ध्यातच तुटली.

बाहेर धावले तेव्हा ट्रेलरचं शेपूट ड्रायव्हरच्या बाजूला फिरलेलं होतं. त्याचा कोपरा काटकोनच्या छातीवर बसला होता, पाठीमागे दाराच्या कडेचा खांब. रक्त जवळजवळ नव्हतंच. धाकट्याने गाडी पुढे ओढली, आम्ही दोघांनी त्याला उचललं. हॉस्पिटलच्या वाटेवर तो गेला.

धाकटा माझ्याकडे न बघता एवढंच बोलला, "ताई, दिवा लागला नव्हता."

पण गाडी पुढे ओढल्यामुळे चाकं सरळ झाली होती. पिन बसली होती. आता दिवा हिरवागार होता.

त्या कोपऱ्यावर कॅमेरा नव्हता. चहाची सुट्टी होती, यार्ड रिकामं होतं.

काटकोनचं पिवळं हेल्मेट त्याच्या जागेवर पडलेलं होतं. तीन पावलं बाहेर. मी ते उचललं आणि ट्रेलरच्या बरोब्बर मागे, जिथलं आरशात काही दिसत नाही, तिथे नेऊन ठेवलं. भोवती खडूने गोल काढला. वहीत लिहिलं, लॉक लागलेलं होतं, सिग्नलमन चुकीच्या जागी उभा होता.

धाकट्याला दोन लहान मुली आहेत. लायसन्स गेलं असतं, तोही आत गेला असता. हे कारण आहे की सबब, ते तुम्ही ठरवा.

तिसऱ्या दिवशी काटकोनची बायको त्याचा डबा आणि शर्ट न्यायला आली. रडली नाही. तिने एकच विचारलं.

"ताई, ते खरंच चुकीच्या जागी उभे होते का?"

मी म्हटलं, "वहीत तसंच आहे, वहिनी."

तिने डबा शर्टात गुंडाळला. मग म्हणाली, "घरातसुद्धा ते कधी दारात उभे राहायचे नाहीत. कुणाच्या वाटेत येऊ म्हणून."

चौकशी झाली. वही बघितली गेली. वहीवर कोणी शंका घेत नाही, तेवढं नाव मी कमावलंय. अडीच महिन्यांनी धाकटा कामावर आला.

यार्डात धूळ बसावी म्हणून दुपारी पाणी मारतात. ओल्या काँक्रीटवर टायरच्या रेघा स्पष्ट उमटतात. त्या दिवशी धाकट्याने दार चारला ट्रेलर लावला. दिवा हिरवा होता, मी स्वतः बघितला.

रेघा बघितल्या आणि मी जागच्या जागी थांबले.

पुढच्या दोन अ‍ॅक्सलच्या रेघा सरळ होत्या. शेवटच्या अ‍ॅक्सलची रेघ एका ठिकाणी आत वाकली होती...

वाटेत कोणी उभं असलं की आपण अंग चोरून जातो ना, तशी.

बाक नेमका सिग्नलमनच्या जागेसमोर होता.

मेकॅनिक खाली शिरून बघून आला. म्हणाला, पिन धडधाकट आहे, लॉक असताना हे चाक वळवायचं तर हत्ती लागेल. मग माझ्याकडे बघून म्हणाला, हत्ती आला असेल तर वहीत नोंद असेलच.

दुसऱ्या दिवशी दार दोन. तोच बाक. मग दार नऊ. ट्रेलर बदलून दिला, तरी तेच. दुसरा कोणी ड्रायव्हर बसला की रेघ सरळ. धाकटा बसला की वाकडी.

नवा सिग्नलमन पन्नाशीचा, शांत माणूस. त्याला काटकोनचं काही माहीत नव्हतं. तो आपल्या जागेपासून दीड-दोन पावलं मागेच उभा राहायचा. मी झापलं तेव्हा ओशाळला.

"मॅडम, तिथे उभं राहायला गेलो की वाटतं, रांगेत मध्येच घुसतोय."

"कसली रांग?"

"काय माहीत. कोणीतरी आधीच उभं आहे असं वाटतं."

त्याच आठवड्यात एकदा धाकट्याने मधेच करकचून ब्रेक मारला. शिट्टी ऐकली म्हणाला. नव्या सिग्नलमनची शिट्टी खिशात होती. धाकट्याला मी विचारलं, किती वेळा वाजली?

"दोनदा," तो म्हणाला. "म्हणजे... दीडदा."

मी मोजायला लागले. मला दुसरं काय येतं? रोज रेघा वाळायच्या आत टेप घेऊन जायची. पहिल्या दिवशी मोजला तेव्हा बाक बावीस सेंटिमीटर होता. मग एकवीस. मग वीस.

रोज एक सेंटिमीटर कमी होत होता.

हिशेब सोपा होता. शून्याचा दिवस गुरुवार निघाला.

शून्यावर काय होणार, ते मात्र हिशेबात येत नव्हतं. मला झोप लागेना. मी धाकट्याला म्हटलं, पुरे झालं, मी जाऊन खरं सांगते. तो माझ्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला होता. बराच वेळ नखं कुरतडत राहिला.

"ताई, बाक संपत चाललाय म्हणजे तो जातोय. आणखी सहा दिवस. मग सुटलो ना आपण?"

'आपण' म्हणाला. मला ते टोचलं, आणि पटलंही.

मी थांबले.

बुधवारी बाक एक सेंटिमीटर होता.

गुरुवारी मी मुद्दाम त्याला दार सात दिलं. पहिल्यांदाच. म्हटलं, काय ते तिथेच होऊन जाऊ दे. नवा सिग्नलमन तीन पावलं बाहेर गेला आणि चक्क नेमक्या जागेवर उभा राहिला.

माझ्याकडे बघून म्हणाला, "आज जागा मोकळी वाटतेय, मॅडम."

एक लांब शिट्टी झाली. ट्रेलर मागे यायला लागला...

दुसरी कुठलीच शिट्टी नाही...

ट्रेलर दाराला लागला. मी वाकून बघितलं. रेघ दोरी लावल्यासारखी सरळ. शून्य.

धाकटा केबिनमधून उडी मारून उतरला. कित्येक महिन्यांनी हसत होता. मला मिठी मारायला आला. आणि त्याच्या खांद्यावरून मला केबिनच्या आतलं दिसलं.

हिरवा दिवा बंद होता.

आज सुटणार या आनंदाच्या भरात त्याने आजही गाडी पुढे घेतली नव्हती.

मेकॅनिक खाली शिरला. बाहेर आला तेव्हा थट्टा करत नव्हता. पिन बसलेलीच नव्हती, चाकं मोकळी होती. मोकळी चाकं रिव्हर्समध्ये सरळ राहत नाहीत. राहूच शकत नाहीत. ती फिरायला हवी होती. शेपूट पुन्हा त्याच बाजूला, तीन पावलं बाहेर जायला हवं होतं, आणि आज तिथे एक जिवंत माणूस उभा होता.

मी ओल्या काँक्रीटवर गुडघे टेकले. रेघ सरळ होती, पण काळीकुट्ट. पूर्ण लांबीभर रबर घासून निघालं होतं. चाक फिरायला बघत होतं आणि कोणीतरी ते दाबून धरलं होतं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

धाकटा केबिनच्या पायरीवर बसला.

त्या संध्याकाळी मी वही घेऊन काटकोनच्या घरी गेले. हेल्मेट, खडू, दिवा, सगळं सांगितलं. तिने मला आत घेतलं, पाणी दिलं. माझं बोलून झालं तरी तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "पण तुम्ही यायला फार उशीर केलात, ताई. ते आता थकलेत."

थकलेत म्हणाली. थकले होते, असं नाही.

मी वही उचलून बाहेर पडले.

मग जे व्हायचं ते झालं. मी लेखी जबाब दिला. धाकट्याचं लायसन्स गेलं, केस चालू आहे. माझ्यावरही आहे. जामिनावर सुटल्यापासून तो माझ्याशी बोलत नाही. समोरून येताना दिसला तर रस्ता बदलतो. त्याच्या मुली मात्र लांबून हात हलवतात. काटकोनच्या कागदांवर आता 'योग्य जागी उभा होता' असं लिहिलंय. केसचा निकाल लागेपर्यंत कंपनीने मला ठेवलंय. का, ते मी विचारत नाही.

त्या गुरुवारनंतर एकही रेघ वाकलेली नाही. दीडदा वाजलेली शिट्टी कोणी ऐकलेली नाही. सगळं संपलं, असं लोक म्हणतात.

गेल्या मंगळवारी एक नवा ड्रायव्हर आला. घाईचा. दार सातला रिव्हर्स घेताना त्याचा दिवा लागला नव्हता. मी खिडकीतून ओरडेपर्यंत ट्रेलरचं शेपूट फिरलं आणि तीन पावलं बाहेर जाऊन धाडकन खांबाला लागलं. सिग्नलमन पाणी प्यायला गेला होता. कोणाला खरचटलंही नाही.

मी टेप घेऊन बाहेर गेले. रेघ बघितली. मोकळी चाकं जशी फिरतात, अगदी तशीच फिरली होती. मध्ये कुठेही अडली नव्हती, घासली नव्हती.

वहीत लिहिलं, 'घटनेच्या वेळी त्या जागी कोणीही उभं नव्हतं.'

हे वाक्य खरं आहे. तरी ते लिहिल्यापासून मला झोप नाही.