आन् एक

नागेश सर बारामतीत एका कॉलेजात धंद्याच्या कॉम्प्युटरचा विषय शिकवायचा. डेटा ॲनालिटिक्स म्हणत्यात त्याला. म्हंजी काय, तर आकडं गोळा करायचं, त्यातला कचरा काढायचा, आन् उरल्यासुरल्या आकड्यांकडनं पुढचं भाकीत वदवून घ्यायचं. आमच्याकडं पिंगळा हेच काम पसाभर दाण्यांवर करायचा, पर त्याला कुणी सर म्हणत न्हवतं.

नागेशची नोकरी तात्पुरती. पोरांना गावात नेऊन काई काम करून दाखवा, मग कायमचं बघू, असं कॉलेजनं सांगितलेलं. मानूस घरवेडा. दिवस कलला की त्याची मोटारसायकल अशी सुटायची, जशी गोठ्याकडं गाय. घरात बायको वृषाली आन् लहानगी छकुली. बाप आल्याबिगर छकुली घास घ्यायची न्हाय, आन् वृषाली दह्यावरची साय त्याच्यासाठी वाटीत राखून ठिवायची. एवढंच त्याचं राज्य, पर त्यात त्यो राजा व्हता.

त्याच्या वर्गात दिपाली नावाची पोरगी व्हती, इंदापूर तालुक्यातली, कळंबच्या पल्याड वस्तीवर राहणारी. नागेशनं समदा वर्ग तिच्याच वस्तीवर नेला. घरोघर जायचं, माणसं किती, जनावरं किती, मोबाईल किती, इचारायचं आन् तितंच फोनात भरायचं. भर दुपार व्हती. उसाला पाणी सुटलेलं, वल्या मातीचा आन् मळीचा वास नाकात बसत व्हता. कुत्री भुंकली न्हाईत. नुसती उठून लांब जाऊन बसली.

दिपालीचा आजा म्हस्कू तात्या लिंबाखाली बसलेला. जुना मेंढक्या, मेंढरं गेली, आता ऊस करायचा. नागेशनं त्याला इचारलं, घरात माणसं किती.

"पाच आन् एक."

"म्हणजे सहा."

"सहा न्हाय. पाच. आन् एक."

त्या एकाचं नाव इचारलं तर तात्या बाजूला थुंकला. नाव न्हाय, वय न्हाय, बाई का बाप्या त्ये बी न्हाय. वर म्हनाला, आमच्यात बसून मोजायचं तर आदी तुमचं घर आमच्यावानी मोजा, न्हायतर हितं कुणी तोंड उघडणार न्हाय. नागेश हसला. म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून त्यानं फोनात पहिली नोंद सोताच्याच घराची केली. तीन आन् एक.

तात्या हसला न्हाय. त्यानं नुसती मान हलवली, आन् मग घरं उघडाया लागली.

शेजारी म्हनाले चार आन् एक. पुढं सात आन् एक. कडंला एकटीच राहणारी म्हातारी बी म्हनाली, मी आन् एक. पोरांनी जरा खोदून इचारलं की दार त्यांच्या तोंडावर बंद.

बारामतीत माघारी आल्यावर नागेशनं वर्गात त्यो समदा डेटा पडद्यावर लावला. कचरा कसा काढायचा ह्याचा त्यो धडा व्हता. बिननावाची तीच नोंद घरोघर दिसत व्हती. एक मानूस एवढ्या घरात कसा राहील? नागेशनं समजावलं, की ह्याला डुप्लिकेट म्हणायचं. पहिली नोंद ठेवायची, बाकीच्या उडवायच्या.

दिपाली उठून उभी राहिली.

"सर, नका काढू. आमी त्यो वाटून घेतलाय."

"कोणाला?"

"समद्यांच्या घरात थोडाथोडा हाय, सर. म्हणून कुणाच्याच घरात पुरता न्हाय."

पोरं खिदळली. कुणीतरी मागनं म्हनालं, आमच्यात बी दे गं थोडा. नागेशला बी हसू आलं, आन् हसतहसतच त्यानं बटण दाबलं. बाकीच्या समद्या नोंदी गेल्या. एकच राहिली. पहिली.

दिपालीनं पिशवी उचलली आन् गेली. त्या दिवसापासनं ती कॉलेजात आली न्हाय.

त्या सांजेला नागेश घरी आला, तर छकुलीचं जेवण झालेलं. तोंडाला वरणभात तसाच. कुणी भरवलं म्हणून इचारलं तर म्हनाली, तूच की. वृषाली म्हनाली, मघाशी तर तुम्हीच बसला होता तिला घेऊन. नागेशला वाटलं, मायलेकी चेष्टा करत्यात.

मग सायीची वाटी चाटूनपुसून साफ दिसाया लागली. गादीवर त्याच्या जागेला खड्डा पडलेला असायचा, हात लावावा तर गरम. आंघोळीला जावं तर त्याचा साबण वला. वृषालीला सांगावं तर ती चिडायची. म्हणायची, आपल्याच घरात पाहुण्यासारखं काय उभं राहायचं, बसा की. पुढंपुढं बसा बी म्हणंना. आन् छकुली त्याला बघून आईच्या पदराआड सरकाया लागली.

नागेशनं कॉलेजात जाऊन उडवलेल्या नोंदी परत आणल्या, एकूणएक. घरी काई फरक पडला न्हाय.

मग त्यो वस्तीवर गेला.

वस्ती वळखू येईना. समदी दारं उघडी, बाया अंगणात हसत बसलेल्या, कुत्री पायात लोळत व्हती. म्हस्कू तात्याची पाठ सरळ झालेली. नागेशनं हात जोडलं, म्हनाला, परत घ्या, वाटून घ्या पहिल्यासारखा.

"आमी का घिऊ?"

"पोरगी लहान आहे माझी, तात्या."

"आमची बी व्हती," तात्या म्हनाला.

अंगणातलं हसणं थांबलं. नागेशनं खालच्या आवाजात इचारलं, तो कोण आहे एवढं तरी सांगा.

तात्यानं त्याला डोक्यापासनं पायापर्यंत न्याहाळलं, बाजारात जनावरावर नजर टाकावी तसं.

"आदी तुमी कोन, त्ये सांगा."

पाणी घ्या असं कुणी म्हनालं न्हाय. दारात दिपाली उभी व्हती, तिनं तोंड फिरवलं.

नागेश घरी आला तवा अजून ऊन व्हतं. दार उघडंच. वृषाली स्वयंपाकघरात भाकरी थापत व्हती. त्यानं दारातनंच समदं सांगितलं. वस्तीवाले घेत न्हाईत, आता आपल्यालाच काईतरी करावं लागंल.

वृषाली शांत व्हती. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज गोड लागला.

"कुणाला घेत नाहीत? आपण तिघंच तर आहोत."

नागेशचा जीव भांड्यात पडला. त्यो मोरीत गेला, हातपाय धुतले, डोळ्यांवर पाणी मारलं.

"छकुले, बाबांना टॉवेल दे गं," वृषाली म्हनाली.

नागेशनं डोळं मिटल्यामिटल्या मागं हात केला.

छकुलीची पावलं आली. मोरीपाशी थांबली न्हाईत. तशीच आतल्या खोलीत गेली.

आत ती खुदकन हसली.

मग बाहेर आली, आन् टाचा उंचावून टॉवेल दोरीवर वाळत घातला. टॉवेल वला व्हता. नागेशच्या हातातनं अजून पाणी गळत व्हतं.