बारावी ओळ कुणासाठी?

पहिल्या भेटीत रुद्राणीनं आधी त्याचा चेहरा पाहिलाच नाही. पाहिले ते पाय!

दसरा होऊन गेला होता. मंगळवार पेठेतल्या आण्णांच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात ती नोकरीच्या पहिल्या दिवशी शिरली, तर तिच्या टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले.

"ओ पावणं, वायरमन हाय काय तुम्ही? वाट सोडा की जरा."

पाय आत गेले, आणि पलीकडून जाळ्यांनी माखलेलं डोकं वर आलं. "वायरमन न्हाय. संगमेश, मुरगूडचा. हा मॉनिटर तुमच्या वाट्याला आलाय. सगळ्यात म्हातारा. जरा सांभाळून घ्या."

"कुणाला? मॉनिटरला, का तुम्हाला?"

तो हसला... आणि रुद्राणीला उगाचच आपल्या ओढणीचं टोक नीट करावंसं वाटलं.

काम परदेशातल्या एका कंपनीचं. कॉम्प्युटरनं पडद्यावर चित्र कसं उमटवायचं, ते ठरवणारा ग्राफिक्स ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम संगमेश लिहीत होता. त्यातल्या आकड्यांची एकेक ओळ कशासाठी आहे, कुठल्या मॉनिटरला चालते, हे शेजारी लिहून ठेवायचं काम रुद्राणीचं. पहिल्याच आठवड्यात त्यानं तिला ते समजावलं होतं.

"शेतात औत चालतंय न्हवं, तसंच. पडद्यावर उजेडाचा ठिपका डावीकडनं उजवीकडं तास घालत जातोय. बांधाला गेला की वळायला जागा नको? आपल्याला दिसत्यात आठशे ठिपके, पर धरायचे हजारावर. वरचे सगळे वळायला."

"म्हणजे न दिसणारंच जास्त महत्त्वाचं?" तिनं विचारलं.

"व्हय," तो म्हणाला, आणि पटकन खाली बघायला लागला.

रुद्राणी पहाटे लिंगपूजा झाल्याशिवाय पाणीही न घेणारी मुलगी. सोमवारी कडक उपास. त्या दिवशी संगमेश मुरगूडच्या गुऱ्हाळातला गुळाचा खडा कागदात बांधून आणायचा आणि काही न बोलता तिच्या टेबलावर ठेवायचा. सुरुवातीला तिचं डोकं रोज दुपारी फुटायला यायचं. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी तर तिनं टेबलावर कपाळ टेकलं आणि "महादेवा, एवढं थांबव, नारळ वाहते" म्हणून हात जोडले. दुसऱ्या दिवसापासून दुखणं गेलं ते गेलंच. तिनं नारळ वाहिला, ऑफिसात खोबरं वाटलं. संगमेशनं दोनदा मागून घेतलं.

सगळं छान होतं. एक आफशीन सोडून.

ऑफिसातल्या फोनवरचं इंटरनेट सारखं बंद पडायचं, म्हणून फायली पाठवायला संगमेश रोज दुपारी आफशीनच्या दुकानात जायचा. आफशीन तिथं लग्नपत्रिका छापायची. तो परत यायचा तो वेलदोड्याच्या चहाचा वास घेऊन, आणि तोंडात— "आफशीन म्हणाली," "आफशीनला विचारतो," "आफशीनचं डोकं लई चालतंय."

"आमचं थांबलंय व्हय?" रुद्राणी पुटपुटायची. तिनं आफशीनला कधी पाहिलं नव्हतं. त्यामुळं ती रोज मनात आणखी थोडी सुंदर होत चालली होती.

माघातला सोमवार उजाडला. त्याच दिवशी सगळी कागदपत्रं कंपनीला पोचायची होती, आणि त्याच संध्याकाळी निपाणीच्या स्थळाला घरून होकार जायचा होता. "तुझं काही म्हणणं असंल तर आजच सांग," आई म्हणाली होती. म्हणणं होतं... पण ते सांगायचं कशाच्या जोरावर?

अकरा ओळी लिहून झाल्या. बाराव्या ओळीशी तिचा हात थांबला. हे आकडे कुठल्याच पुस्तकात नव्हते, की कंपनीच्या यादीत.

"ही कुणासाठी?" तिनं विचारलं.

संगमेशच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ती... असू द्या. लिहू नका तिथं काय."

"एक बी ओळ मोकळी जाता कामा नये!" आतल्या खोलीतनं आण्णा गरजले.

"ऐकलासा?"

"मी... आफशीनकडनं आलो जाऊन." तो चपला अडकवून निघून गेला.

मग काय राहिलं समजायचं? चोरून केलेली ओळ, लाल कान, आणि त्या नावाकडं काढलेला पळ! रुद्राणीनं दात आवळून टाइप केलं— 'आफशीन यांच्या खास वापरासाठी.' गुळाचा खडा तिनं टेबलाच्या पार टोकाला ढकलला.

पण उपास होता. कपाळावरची विभूती अजून ओली वाटत होती. न बघता लिहिलेलं खोटं निघालं तर? तिनं ती अक्षरं पुसली. कागद-पेन्सिल घेऊन त्या ओळीचं गणित मांडलं. पडदा सेकंदाला पंच्याहत्तर वेळा रंगायचा, आणि त्यासाठी मॉनिटरला सेकंदाला जवळजवळ सत्तेचाळीस हजार वेळा ठिपक्याचं तास घालावं लागणार होतं. कागद मुठीत धरून ती चालत निघाली. संगमेश तिकडं सापडला तर सापडू दे!

तो नव्हता. आफशीन होती. ठेंगणी, हसरी, बोटांना शाई लागलेली.

"आण्णांच्या हापिसातनं आलीस न्हवं? बस की गं. संगमेश आत्ताच आला, चहा न पिता तसाच गेला. काय बिनसलंय आज त्याचं?"

"तुमचा मॉनिटर बघायचा होता. मागनं."

"बघ की. पुढनं तर बघवतच न्हाय, लुकलुकून डोळ्यातनं पाणी काढतोय मेला. किती दिवस सांगतेय संगमेशला, जरा नीट कर. तो म्हणतोय, ह्या मॉनिटरात दम न्हाय."

रुद्राणीनं मागच्या चिठ्ठीवर बोट फिरवलं. वरची हद्द— सेकंदाला अडतीस हजार तासं. बारावी ओळ इथं चाललीच नसती.

मग कुणासाठी?

ती जवळजवळ पळतच परतली. आण्णांच्या मॉनिटरची ओळ तिसरी, संगमेशच्या मॉनिटरची सातवी. राहिला एकच. मॉनिटरची पाठ भिंतीला, म्हणून ती आपल्या टेबलाखाली शिरली, मागून डोकं वर काढलं आणि ओढणीनं धूळ पुसली. हद्द, पन्नास हजार. आणि ड्रायव्हरमध्ये ती ओळ घातल्याची तारीख तिला तोंडपाठ होती, सकाळपासून शंभरदा वाचली होती. दोन डिसेंबर. कार्तिकातला शेवटचा सोमवार.

रुद्राणी तिथंच गुडघ्यांवर बसून राहिली.

"ओ पावणं," मागून हळूच आवाज आला, "वायरमन हाय काय तुम्ही?"

ती बाहेर आली. केसांत जाळी, डोळ्यांत पाणी.

"मला सांगितलं का न्हाईसा?"

"सेकंदाला साठ वेळा रंगला की पडदा लुकलुकतोय. डोळ्याला कळत न्हाय, पर डोस्क्याला कळतंय. म्हणून पंच्याहत्तर केलं. पुस्तकातल्या आकड्यांनी चित्र कडेला पळायला लागलं, मग बांध जरा हलवला..." तो अडखळला. "दुसऱ्या दिवशी सांगणार होतो. तर तुम्ही महादेवाला नारळ दिलासा. आता देवाच्या आणि तुमच्या मधी मी कशाला घुसू?"

"महादेव काय स्वतः येऊन आकडे बदलतोय व्हय? तो माणूस धाडतोय." तिनं डोळे पुसले. "आज संध्याकाळी निपाणीच्या स्थळाला निरोप जाणार हाय. काय कळवू?"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"आजची मुदत हाय, संगमेश. ओळ मोकळी सोडता येत न्हाय. कुणासाठी हाय ती?"

"तुमच्यासाठी," तो म्हणाला. मग धीर करून— "तुझ्यासाठी. ती बी, आणि मी बी. निपाणीला न्हाय म्हणून सांग. रविवारी आमचे दादा येतील तुमच्या घरी."

रुद्राणी खुर्चीवर बसली. बाराव्या ओळीपुढं तिनं इंग्रजीत टाइप केलं. अर्थ इतकाच, की ही ओळ एका जुन्या मॉनिटरसाठी आहे; कुणीही, कधीही काढून टाकू नये.

त्यानं वाकून वाचलं. तिनं टोकाला ढकललेला खडा ओढून घेतला, फोडला आणि मोठा तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

"आता फाईल धाडायला..." तो चाचरला, "आफशीनकडं जायला पाहिजे."

"जाऊ या की," रुद्राणी ओढणी झटकत उठली. "पर आजपासनं दोघं."