उत्तरासाठी सोडलेली जागा

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती तर शेवट तरी बरा केला असता.

माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली आहे. तुम्ही विश्वास ठेवा, नका ठेवू. मीही बरेच दिवस ठेवला नव्हता.

मावशी शाळेत तिसरीला शिकवते. लग्न केलं नाही. आजी होती तोवर आजीचं करण्यात दिवस गेले, आणि आजी गेल्यावर "जेवलीस का" म्हणून विचारणारंही कोणी उरलं नाही. शाळेजवळ एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत ती भाड्याने राहते. एक खिडकी, एक पलंग, एक खुर्ची. पाहुण्यांसाठी दुसरी खुर्ची घे म्हणून माझी आई तिच्या मागे लागायची. मावशी म्हणायची, आधी पाहुणे आण.

त्या वर्षी तिचा घसा बसला. जन्मभर पोरांवर ओरडल्याचं फळ. डॉक्टरांनी दम दिला, आवाज जपला नाहीत तर कायमचा जाईल. शिक्षिकेचा आवाज गेला म्हणजे हातपायच गेले. मग संगणकाच्या सरांनी तोड काढली. धडे घरी हळू आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करायचे, शाळेच्या ऑनलाइन पानावर चढवायचे आणि वर्गात लावायचे. पडद्यावर चित्रं, स्पीकरमधून बाई.

मावशीला आधी ही थेरं वाटली. मग गोडी लागली.

तिची एक पद्धत होती. प्रश्न विचारला की मुलांच्या उत्तरासाठी ती जागा सोडायची. जागा किती सोडायची याचा अंदाज यावा म्हणून तेवढा वेळ तोंड मिटून, मनातल्या मनात स्वतःच उत्तर म्हणायची. मग पुढचा प्रश्न.

संध्याकाळी शिंपी दुकान बंद करून गेला की खालच्या मशीनची खडखड थांबायची. तेव्हा ती रेकॉर्डिंगला बसायची. अख्ख्या इमारतीत ती एकटी.

त्या सोमवारीही एकटीच होती. दाराला आतून कडी. खिडकी बंद. हे ती आजही शपथेवर सांगते.

नवाचा पाढा रेकॉर्ड केला आणि मंगळवारी वर्गात लावला.

"सात नवे?"

मुलं गप्प...

मावशीला वाटलं, विसरली असतील. पुढचा प्रश्न आला. मुलं तरीही गप्प. पहिल्या बाकावर एक पोरगी होती. तिचं तोंड म्हणून बंद नसायचं, त्यामुळे मावशीने तिचं नाव टकळी ठेवलं होतं. ती टकळीसुद्धा गप्प.

मावशीने विचारलं, आज सगळ्यांनी मौन धरलंय का?

टकळी कुरकुरली. "बाई, आमच्या आधी तीच सांगतेय."

"ती कोण?"

"तुमच्या घरातली मुलगी."

मावशी हसली. पाढा परत लावला. स्पीकरपाशी कान नेला. तिचा स्वतःचा बसका आवाज... मग शांतता... परत तिचा आवाज.

बाकी काही नाही.

मुलं मात्र स्पीकरकडे बघून माना डोलवत होती.

पोरं मिळून फिरकी घेतायत, असं तिला वाटलं. पण मावशीही कच्च्या गुरूची चेली नव्हे. कॉपी पकडायची जुनी युक्ती तिने काढली. एकेकाला व्हरांड्यात बोलावलं आणि हळूच विचारलं, ती मुलगी काय म्हणाली?

सगळ्यांनी एकच सांगितलं. तिचं सगळं बरोबर आलं. फक्त आठ नव्यांना चुकली. अडुसष्ट म्हणाली.

मावशीच्या अंगावर काटा आला. पोरांनी संगनमत केलं असतं तर बरोबर उत्तर सांगितलं असतं. चुकीचं उत्तर इतकी तोंडं एकसारखं कसं सांगतील?

संगणकाच्या सरांनी रेकॉर्डिंग तपासलं. आवाज असला की पडद्यावर रेघ वरखाली होते. मावशीच्या प्रश्नांपाशी ती होत होती. मधल्या जागेत... अगदी सपाट. सर म्हणाले, इथे काहीच नाही बाई, तुम्ही जरा विश्रांती घ्या.

घरमालकिणीला विचारलं. त्या खोलीत कधी कुठलं मूल राहिलेलं नव्हतं. पूर्वी तिथे शिंप्याचे तागे ठेवत, एवढंच.

खोटं कशाला सांगू, पहिले काही दिवस मावशी दिवा लावून झोपली. पलंगाखाली वाकून बघायची. नळ टपकला तरी दचकायची.

मग एका संध्याकाळी रेकॉर्डिंग करताना ती मध्येच थांबली आणि समोरच्या भिंतीकडे बघून म्हणाली, "आठ नवे बहात्तर. नीट लक्षात ठेव."

दुसऱ्या दिवशी वर्गात टकळीने बातमी दिली. "बाई, आज तिचं बरोबर आलं."

मावशी दिवसभर खुशीत होती. तिने मला स्वतः सांगितलंय, इतकी खूश ती कित्येक वर्षांत नव्हती.

नंतर ती उत्तरासाठी जास्त जागा सोडू लागली. मुलांना खोदून खोदून विचारायची, आवाज कसा आहे? बारीक, बाई. कुठून बोलते? मुलं विचार करून म्हणाली...

"तुमच्या मांडीवर बसून."

सगळ्या वर्गाला ती ऐकू यायची. जिच्या खोलीत होती, जिच्या मांडीवर होती, तिला मात्र नाही. मावशी कानाला हेडफोन लावून बसायची, डोळे मिटून. जेवण गार होऊन जायचं. कानात फक्त स्वतःचाच श्वास यायचा.

याच सुमाराला आईने आमच्या घरातली मागची खोली रिकामी केली. मावशीला म्हणाली, पुरे झालं एकटीने राहणं, बदली घे आणि ये इकडे. मावशी लगेच हो म्हणाली. माणसांना भुकेलेलीच होती ती. बदलीही मंजूर झाली. सामान बांधलं.

शेवटचा धडा रेकॉर्ड केला तेव्हा मुलांसाठीचे प्रश्न संपल्यावर तिने आणखी एक विचारला. अगदी हळू.

"मी जातेय. तू काय करशील?"

आणि जागा सोडली. बरीच मोठी.

वर्गात धडा लागला. मुलांचे प्रश्न झाले. मग तो प्रश्न आला...

शांतता...

मुलांच्या माना खाली गेल्या. मावशीने विचारलं, काय म्हणाली? टकळी फ्रॉकच्या टोकाशी चाळा करत होती.

"सांग ना गं."

"काही नाही म्हणाली, बाई. रडतेय."

रेकॉर्डिंग संपलं. पडदा काळा झाला. मुलं तशीच बसून.

टकळीने कानांवर हात ठेवले. "बाई, बंद करा ना."

मावशीने स्पीकरकडे पाहिलं.

तो केव्हाच बंद झाला होता...

मावशी आमच्याकडे आली नाही. बदली रद्द करून घेतली. आई फोनवर भांडली, रडली. शेवटी तिला आणायला मी गेले. तू वेडी झालीस का, असं तोंडावर विचारलं. मावशी चिडली नाही.

"तुझ्यासाठी कोणी तसं रडलं असतं, तर तू गेली असतीस?" ती म्हणाली.



खालची मशीन थांबली. मावशीने मोबाइल समोर ठेवला, प्रश्न विचारला आणि वाट पाहिली. तिचा एक हात मांडीवर होता, हळूहळू थोपटत. मला काहीही ऐकू आलं नाही. तरी मी पाय वर घेऊन पलंगावर बसले आणि सकाळपर्यंत खाली सोडले नाहीत.

ते वर्ष संपलं. टकळी आणि तिची मंडळी चौथीत गेली. नवी तिसरी आली.

या मुलांना काहीच ऐकू येत नाही.

प्रश्न आला की ती ओरडून उत्तर देतात आणि मोकळी होतात. मावशीने त्यांना गप्प बसवून पाहिलं. परत परत विचारलं. ती म्हणतात, कुठे काय, बाई?

घसाही आता बरा झालाय. रेकॉर्डिंगची गरज उरलेली नाही. तरी संध्याकाळ झाली की ती बसतेच.

मागच्या आठवड्यात मी फोन केला. म्हटलं, मावशी, आता तिथे कोणी नाही. आता तरी ये. खोली तशीच ठेवलीय.



ती हलक्या आवाजात म्हणाली, "रुसली असेल गं. मी जाते म्हणाले होते ना तिला."