शेजारच्या खाटेवरचं हृदय

दुपारचा राउंड चालू होता. बाबांच्या खाटेजवळच्या लोखंडी खुर्चीत बसून बसून तिची पाठ धरली होती.

डॉक्टरीणबाई दोन खाटांच्या मधे उभ्या राहून समजावत होत्या. "दम दोघांनाही लागतो, पायही दोघांचे सुजलेत, पण दुखणं वेगळं. या शिंपीकाकांचं हृदय सैल पडलंय, रक्त पुढे ढकलतच नाही. तुमच्या बाबांचं ताठ झालंय. ढकलतं व्यवस्थित, पण मोकळं होत नाही, म्हणून पुरतं भरत नाही."

"घरीही तसंच," ती म्हणाली.

शिंपीकाका खोकत खोकत हसले. "मास्तर, मूठ सोडा जरा! वर काय न्यायचंय?"

"तुम्ही आधी आवळून दाखवा," बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

आई गेल्यापासून त्यांचं सगळं तीच करत होती. जाण्याआधी त्यांच्या तोंडून एक मऊ शब्द ऐकायला मिळावा, एवढ्यावर ती अजून तग धरून होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिंपीकाका गेले. त्याच घटकेला बाबांचा श्वास अडला, आणि मग संथ सुरू झाला.

संध्याकाळी ती पांघरूण सारखं करायला वाकली. बाबा त्याची कड चिमटीत धरून चाचपत होते.

"शिवण उसवलीय," ते पुटपुटले.

जन्मात कधी सुईत दोरा न ओवलेला माणूस. औषधांनी गुंगी येत असेल, असं तिनं स्वतःला समजावलं.

सकाळी पुन्हा इको केला. डॉक्टरीणबाईंनी छातीवरचं यंत्र उचललं, पुसलं, परत टेकवलं.

"यांची खाट बदलली का?"

"नाही."

त्यांनी बाबांच्या मनगटावरची पट्टी वाचली. पुन्हा वाचली. "हे हृदय सैल आहे. ताठ हृदय सैल पडतं कधीकधी, पण एका रात्रीत नाही."

पडद्यावर ते आळसावल्यासारखं हलत होतं.

त्या गेल्यावर बाबांनी तिचा हात हातात घेतला. कधी नव्हे तो. तिचे डोळे भरून आले.

"फार दमलात हो तुम्ही," ते म्हणाले.

तुम्ही.

"बाबा?"

त्यांनी रिकाम्या खाटेकडे पाहिलं.

"मास्तरांची लेक ना तुम्ही? वाईट झालं. जाताना सारखं तुमचंच नाव घेत होते."

तिनं हात सोडवला नाही.

"आणखी काय म्हणाले?" तिनं हळूच विचारलं.