चौथं प्रकरण लिहायच्या आधी

"माझ्याच पुस्तकातला खुनी माझ्या घरात शिरलाय," लेखिका म्हणाल्या आणि दाराची कडी पुन्हा एकदा ओढून बघून आल्या.

बाई सत्तरीच्या. चाळीस रहस्यकथा लिहिलेल्या. शेजारीपाजारी कौतुकाने 'खूनवाली मावशी' म्हणायचे. पण आज वकीलबाईंना त्यांना धरून खुर्चीत बसवावं लागलं. वकीलबाईंनी वकिली कधीच सोडली होती. आता त्या खाजगी तपास करायच्या. सोबत त्यांचे दीर, म्हणजे भाऊजी, निवृत्त कारकून. वहिनीमागे वही घेऊन फिरायची त्यांना भारी हौस.

"नव्या कादंबरीत खुनी आधी इशारे देतो," मावशी म्हणाल्या. "पहिल्या प्रकरणात घड्याळ बंद पाडतो, दुसऱ्यात खुर्ची भिंतीकडे वळवतो, तिसऱ्यात उशीत चाकू खुपसतो. तीन दिवस इथे तेच चाललंय. बघा!"

भिंतीवरचं घड्याळ चार वाजून वीस मिनिटांवर थांबलं होतं. उशीतला चाकू मुठीपर्यंत आत होता. भाऊजींनी वही उघडली.

"चौथ्यात?" वकीलबाईंनी विचारलं.

"खून. पण कसा ते विचारू नका. खून कागदावर उतरेपर्यंत तोंडातून काढायचा नाही, हा आमच्या रहस्यकथा लेखक मंडळाचा नियम आहे."

"जीव जायची वेळ आली तरी?"

"नियम म्हणजे नियम."

"घरात कोण येऊ शकतं?"

"कोणी नाही हो! आतून कडी असते. भाचीलासुद्धा मीच उघडते." मग त्या भाऊजींकडे वळल्या. "आणि आपण कोण?"

"यांचा दीर. मघाशी सांगितलं की."

तीन प्रकरणं वाचलेली माणसं तीनच. वकीलबाईंनी तिघांनाही बोलावून घेतलं.

संपादक आल्या आल्या उखडला. "पुस्तक खपावं म्हणून मी लोकांच्या उशा फाडत फिरू? मला टाइप केलेली प्रत मिळाली, मी वाचली. घड्याळ पाच वीसला थांबतं ती जागा झकास जमलीय, बस्स."

भाऊजींनी वहीत लिहून घेतलं: पाच वीस.

मंडळातली मैत्रीण स्वतःही रहस्यकथाच लिहायची. "जळते मी तिच्यावर, तीस वर्षं जळतेय," ती म्हणाली. "पण तिच्यासारखं खूळ आपल्याला नाही बाई जमत. चाकू किती खोल जातो ते घुसवून बघणार, मगच ओळ लिहिणार! माझ्या प्रतीतही पाच वीसच आहे."

भाची दाराशीच उभी राहिली. "मावशी हाताने लिहिते, मी टाइप करते. जसंच्या तसं." बोलताना तिने मान वर केली नाही.

वकीलबाईंनी हस्तलिखित मागून घेतलं, पहिलं प्रकरण चाळलं आणि एका ओळीवर बोट ठेवून भाऊजींपुढे धरलं. तिथे चार वीस होतं.

"तू बदललंस?" त्यांनी भाचीला विचारलं.

"पाच वाजेपर्यंत कादंबरीतली ती बाई प्रवासात असते," भाची पुटपुटली. "चार वीसला घरी कशी असेल? मावशी विसरली होती."

"मी? विसरले?" मावशी ताडकन म्हणाल्या. "घ्या, कॉफी घ्या आधी. सकाळीच करून ठेवलीय." त्यांनी थर्मासमधून कप भरले.

वकीलबाई कपाला न शिवता बोलू लागल्या. "हे घड्याळ चार वीसला थांबवलंय. संपादक आणि मैत्रीण पाच वीस वाचून बसलेत, त्यांनी पाच वीस केलं असतं. भाचीला चार वीस ही चूक आहे हे ठाऊक होतं. शिवाय कडी आतून. मावशी, चार वीस बरोबर आहे असं मानणारं आणि कडीच्या आत असलेलं माणूस एकच."

"मी खोटं बोलतेय म्हणता?"

"मुळीच नाही. तुम्ही नेहमीसारखं करून बघितलंत, लिहिलंत आणि केल्याचं विसरलात."

भाऊजींनी कप उचलला.

"आता नियम गेला खड्ड्यात," वकीलबाईंचा आवाज चिरकला. "चौथ्यात खून कसा होतो?"

"झोपेच्या गोळ्या," मावशी म्हणाल्या. "कुटून कॉफीत... पण कडू लागतं का ते बघायला हवं ना, म्हणून..." त्या मध्येच थांबल्या.

भाऊजींचा कप ओठाला लागला होता. वकीलबाईंनी तो हाताने उडवला. भाची स्वयंपाकघरात धावली आणि गोळ्यांची दोन रिकामी पाकिटं घेऊन परत आली. खलबत्ता पांढरा झाला होता. संपादकाने आणि मैत्रिणीने आपापले न चाखलेले कप दूर सारले.

"मी मारलं असतं सगळ्यांना," मावशी म्हणाल्या. "मला फार भीती वाटते गं. तुला कधीपासून माहीत आहे?"

"दोन पुस्तकं झाली," भाची रडत म्हणाली. "आधी नुसत्या चुका होत्या. मी निस्तरत गेले. तुला सांगायचा धीर झाला नाही."

मावशींनी तिला जवळ ओढलं. बराच वेळ त्या तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

"मागच्या पुस्तकाचा शेवट कोणी लिहिला?"

भाचीने मावशींच्या खांद्यात तोंड खुपसलं.

"चांगला होता," मावशी म्हणाल्या. "छापून आल्यावर वाचला, तर शेवटच्या पानापर्यंत मला खुनी ओळखता आला नव्हता."