तिसरा ठोका

‘दर्यासखी’च्या मागच्या डेकवर पोह्यांची फोडणी पडली, तेव्हा मोहरी कढईत तडतडते आहे की छतावरच्या कर्ण्यात, हे कुणालाच नीट सांगता आलं नसतं. कुंजितीव बेटाजवळ नांगर टाकल्यापासून दोन दिवस तो कर्णा असाच तडतडत होता. खाली, समुद्राच्या तळाशी जो आवाज चालू होता, तोच पाण्यात सोडलेल्या माइकमधून वर ऐकू येत होता.

“रेडिओला स्टेशन लागत नसलं की असाच आवाज यायचा,” डॉ. दातार म्हणाले. पुण्यातला दातांचा दवाखाना बंद करून ते आता जगभर डुबक्या मारत फिरत. ही त्यांची आठवी सागरसफर. आठ दिवस बोटीवरच राहायचं, जेवायचं, झोपायचं आणि दिवसातून तीन वेळा पाण्यात उतरायचं. बोटीवरचा डुबकीप्रमुख दशरथ तांडेल तिला ‘वस्तीची बोट’ म्हणायचा.

“रेडिओ नाही, डॉक्टर. बारीक कोळंबी आहे ती,” प्रवाळावर काम करणारा सौमित्र खानोलकर म्हणाला. “हजारो कोळंब्या एका वेळी नांग्यांनी चुटक्या मारतात. जिवंत प्रवाळाचा आवाज असा असतो. माशांची पिल्लं अंड्यातून निघाली की प्रवाहाबरोबर खोल समुद्रात वाहत जातात आणि घर शोधताना हाच आवाज ऐकत परत येतात.”

“आणि खाली तुमची पेटी हा आवाज वाजवते.”

“हो. नादपेटी.”

तेवढ्यात कर्ण्यातून आलं : टक टक टक... टक.

आणि क्षणभराने, लांबून, लोखंडावर काहीतरी आपटल्यासारखं : ठण्ण.

कोपऱ्यातल्या बाकावर बसलेल्या हेमलताबाईंनी पोह्यांची बशी मांडीवर ठेवली. एकोणसत्तर वर्षांच्या, सावळ्या, बारीक अंगाच्या. दशरथने त्यांच्याकडे पाहिलं आणि पाहिलंच नाही असं करून तो सिलिंडरचे पट्टे आवळायला लागला.

“हे मात्र कोळंबीचं नाही,” डॉक्टर म्हणाले. “काल खालीही सारखं ऐकत होतो. पेटीपासून लांब गेलो तरी आपलं टकटक. कुणीतरी दात वाजवत असल्यासारखं. मला कळतं त्यातलं.”

कुणी हसलं नाही, तेव्हा त्यांनी लिंबू मागितलं.

हेमलताबाई मालवणच्या. तिथे पहिलं डुबकी केंद्र निघालं तेव्हा त्या सिलिंडरमध्ये हवा भरण्याच्या कामावर लागल्या, मग स्वतः पोहायला शिकल्या, मग तीस वर्षं इतरांना शिकवलं. दशरथ त्यांचाच विद्यार्थी. पहिल्या दिवशी प्रत्येकाला त्या एकच नियम पाठ करायला लावत : जोडीदाराशिवाय पाण्यात उतरायचं नाही. आणि दुसरी एक सवय लावत. पाण्यात बोलता येत नाही, म्हणून खालच्याने सुरीची मूठ सिलिंडरवर आपटायची. तीन ठोके आणि एक, म्हणजे मी ठीक आहे. वरच्याने बोटीच्या शिडीवर स्वयंपाकाचा लोखंडी डाव मारायचा, एकदाच. म्हणजे ऐकलं. उत्तर येईपर्यंत खालच्याने ठोकत राहायचं.

कर्ण्यातले ठोके त्यांच्या मुलीचे होते. तो डाव त्यांचा.

तेवीस वर्षांपूर्वी गार्गी इथे आली ती प्रवाळाचे आवाज नोंदवायला. आईला सोबतीला घेऊन. तेव्हा कुंजितीवचा तळ जांभळा, पिवळा, शेवाळी असा गजबजलेला होता. पहिल्या दिवशी दोघी मिळून उतरल्या आणि नोंद फुकट गेली. दोघींच्या बुडबुड्यांत बाकी काही ऐकूच येईना. दुसऱ्या दिवशी गार्गी म्हणाली, मी एकटीच जाते. आणि आयुष्यभर सगळ्यांना नियम शिकवणारी तिची आई ‘बरं’ म्हणाली. नोंद चांगली यायला हवी होती.

वर आई हसून म्हणाली, “आणि ता टकटक जरा कमी कर गो. माशांका वाटतला सुतार इलो.”

“मगे तू वर बसान काळजी करतलंस, त्येचा काय?” गार्गीने विचारलं होतं, आणि पाठीमागे पडून पाण्यात गेली होती.

हेमलताबाई कानाला हेडफोन लावून बसल्या. बाराव्या मिनिटाला ठोके आले, त्यांनी शिडीवर डाव मारला. एकतिसाव्या मिनिटाला आले, पुन्हा मारला. तिसऱ्यांदा यायला हवे होते पन्नासाव्या मिनिटाला. आले नाहीत. पोरीने ऐकलं माझं, असं त्यांना वाटलं. खरोखर वाटलं. नोंद खराब होऊ नये म्हणून थांबली असेल. त्या सव्वातासापर्यंत तशाच बसल्या. तोपर्यंत प्रवाहाने तिला कुठे नेलं, ते कधीच कळलं नाही. नोंदयंत्र तेवढं सापडलं, जिथे तिने ठेवलं होतं तिथेच, चालू.

पुढे समुद्र तापला आणि इथलं प्रवाळ दोन उन्हाळ्यांत पांढरं पडून मेलं. सहा वर्षांपूर्वी सौमित्रच्या संस्थेने इथे उष्णता सोसणाऱ्या प्रवाळाची रोपं लावायचं ठरवलं, आणि मासे परत यावेत म्हणून जुन्या दिवसांचा आवाज वाजवायचा. नादरोपण म्हणायचे त्याला. कुंजितीवची जिवंतपणीची नोंद जगात एकच होती. हेमलताबाईंनी ती दिली, पण अट घालून : त्यातला एक श्वास, एक ठोका काढायचा नाही, आणि दहा वर्षं माझ्या परवानगीशिवाय पेटी बंद करायची नाही.

सौमित्रने ती परवानगी मागायलाच त्यांना या सफरीवर बोलावलं होतं. हे त्यांना कालच कळलं होतं.

पोहे झाल्यावर तो त्यांच्याजवळ येऊन बसला. कागद हातात होता, पण त्याने तो पुढे केला नाही.

“काकू, विचार केलात?”

“केला. नाही म्हटलं ना काल.”

“रोपं गेली, काकू. सगळी. मागच्या उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं की—”

“मासे आहेत ना? डॉक्टर म्हणाले, हजारो पाहिले.”

“हजारो आहेत. पण रोज नवे असतात. खायला काही नाही तिथे. पिल्लं आवाज ऐकून येतात. दोन महिने, फार तर तीन. शंभरातलं एकही पिल्लू वर्षभर जगत नाही. इथून नव्वद किलोमीटरवर दक्षिणेला, खोलातलं थंड पाणी वर येतं तिथे प्रवाळ जगलंय. पिल्लं प्रवाहाबरोबर तिकडेच निघालेली असतात. आपण त्यांना वाटेत हाक मारून थांबवतो.”

हेमलताबाई समुद्राकडे बघत राहिल्या.

“सौमित्र, तुला मूल आहे?”

“नाही.”

“मग तुला काय सांगू. तिचं बाकी काही नाही माझ्याकडे. हाडसुद्धा नाही. घरी ती नोंद मी ऐकू शकत नाही; चार वेळा प्रयत्न केला. पण ती इथे श्वास घेते आहे, तिच्या जागेवर, एवढं मला माहीत असतं. रात्री झोपताना माहीत असतं. तू म्हणतोस, बंद करा.”

त्याने कागदाची घडी घातली. म्हणाला, “एकदा खाली जाऊन या. त्यानंतर नाही म्हणालात, तर हा कागद मी फाडतो. तुमच्यासमोर.”

दशरथने हातातला पट्टा खाली टाकला. “ह्या वयात? बाई, माका घाबरवू नकात.”

“तुला पोहायला कोणी शिकवलं रे?”

“तुमीच.”

“मग सिलिंडर भर. आणि माझा जोडीदार तू. हात सोडायचा नाही.”

दोघं नऊ मीटर खाली गेले.

आधी आवाजच भेटला. कर्ण्यातून येणारा नव्हे; अंगाला चहूबाजूंनी लागणारा, छातीत तडतडणारा. हेमलताबाईंनी डोळे मिटले, आणि ते तेवीस वर्षांपूर्वीचं पाणी होतं. मग त्या आवाजात श्वास आला. आत ओढलेला, लांब. आणि बाहेर सोडलेला, बुडबुड्यांचा. गार्गीचा श्वास नेहमीच जरा घाईचा असायचा. सावकाश, सावकाश गो, असं त्या तिला शिकवत असत. त्यांनी नकळत आपला श्वास तिच्या श्वासाला जुळवला. ती घेई तेव्हा घेतला, ती सोडी तेव्हा सोडला. दशरथने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात घट्ट धरला.

मग त्यांनी डोळे उघडले.

तळ राखाडी होता. प्रवाळाच्या फांद्या मोडून एकावर एक पडल्या होत्या, आणि सगळ्यावर तपकिरी शेवाळाचा बुळबुळीत थर. मधोमध तांब्याच्या हंड्याएवढी नादपेटी. तिच्याभोवती निळ्या माशांचा ढग, बोटाच्या पेराएवढे मासे, हजारोंनी. वरून पाहणाऱ्याला ते नाचत आहेत असं वाटलं असतं.

हेमलताबाई गुडघे टेकून जवळ गेल्या. आता दिसलं. माशांची डोकी मोठी होती आणि अंग मागे चिमटत गेलेलं. पोटं आत ओढलेली. एकेक जण शेवाळाला तोंड लावायचा, थुंकायचा आणि परत पेटीजवळ जायचा. पेटीच्या पायथ्याशी वाळूत काहीतरी चमकत होतं; त्यांना आधी काचेचा चुरा वाटला. ती पिल्लं होती. पारदर्शक, तांदळाच्या कणीएवढी, खोल समुद्रातून आवाजाच्या मागे येऊन इथवर पोचलेली. बरीचशी हलत नव्हती. त्यांच्या डोळ्यांदेखत वरून आणखी काही उतरली, आवाजाच्या अगदी जवळ गेली, आणि तिथेच थांबली.

पेटीतून ठोके आले. टक टक टक... टक. ठण्ण.

हा एकतिसाव्या मिनिटाचा, हे त्यांना माहीत होतं. यानंतरचा श्वास आणखी अकरा मिनिटं होता. मग नुसती कोळंबी, आणि पुन्हा पहिल्यापासून.

त्यांनी ती अकरा मिनिटं ऐकली. दशरथने दोनदा हवेचं घड्याळ दाखवलं, त्यांनी दोन्ही वेळा मान हलवली. श्वास लांब गेला, बारीक झाला, कोळंबीच्या चुटक्यांत मिसळला. शेवटचा कुठला, ते सांगता येत नव्हतं. तेवीस वर्षं त्यांना वाटत होतं की सांगता येईल.

मग त्यांनी पेटीच्या कडेची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि फिरवली.

वर आल्यावर दशरथने त्यांना शिडीवरून जवळजवळ उचलूनच घेतलं. पाठीवरचं सिलिंडर काढलं, खांद्यावर टॉवेल टाकला. छतावरचा कर्णा गप्प होता. बोटीवर इतकी शांतता दोन दिवसांत पहिल्यांदाच होती. लाटा फळ्यांना लागत होत्या ते ऐकू येत होतं. डॉ. दातार उठून उभे राहिले.

“कागद आण,” हेमलताबाई म्हणाल्या. “सही करते.”

सौमित्र आला नाही. तो टेबलाशी हेडफोन लावून बसला होता, एक हात वर करून, थांबा म्हणून.

“काकू, पेटी पूर्ण बंद केलीत ना?”

“मीच केली.”

“दशरथ, तू पाहिलंस?”

“बंद आसा. मूठ मी तपासलंय. काय झाला?”

सौमित्रने हेडफोन काढले. तो त्यांना काही सांगणार होता, मग त्याने हेडफोनच पुढे केले.

तेवीस वर्षांपूर्वी त्या दिवशी बसल्या होत्या तशाच हेमलताबाई बसल्या, शिडीच्या बाजूला, आणि हेडफोन कानाला लावले.

कोळंबी नव्हती. श्वास नव्हता. लांबवर पाणी, रिकामं. मग, छतावरच्या कर्ण्याला पकडता येणार नाही इतकं बारीक :

टक टक टक... टक.

त्यांनी हेडफोन कानांवर दाबून धरले.

“ते मासे आहेत,” सौमित्र हळूच म्हणाला. “निळे. ते दातांवर दात घासून आवाज करतात, पण असे नाही. असे कुठेच करत नाहीत. माशांची पिल्लं ऐकून शिकतात, असं आजवर कुणी...” त्याने वाक्य सोडून दिलं. “ती पेटीशेजारीच वाढलीत, काकू. डॉक्टर काल म्हणाले ते हेच असणार. पेटीच्या आवाजात आम्हाला वेगळं कळलंच नाही.”

“आता त्यांचं काय होईल?”

“आवाज नाही म्हटल्यावर एक-दोन दिवसांत निघतील. निम्मे तरी दक्षिणेला पोचतील, ताकद असेल ते. त्यांना इथे धरून ठेवणारं काही उरलं नाही, तर.”

टक टक टक... टक.

एकाच माशाचा तो नव्हता आता. इकडून, तिकडून, थोडा पुढेमागे. मी ठीक आहे. मी ठीक आहे. आणि मग सगळे एकदम गप्प झाले. ती शांतता हेमलताबाईंनी ओळखली. जन्मभर त्यांनीच ती शिकवली होती. खालचा ठोकतो आणि थांबतो, वरून उत्तर येतं का ते ऐकायला.

दशरथने कधी डाव आणून त्यांच्याजवळ ठेवला, ते त्यांना कळलं नाही. कदाचित सवयीने. लोखंडी शिडी हाताच्या अंतरावर होती, उन्हाने तापलेली. तेवीस वर्षं ज्या तिसऱ्या ठोक्याची वाट पाहिली, तो आला होता, आणि पुन्हा येत होता, कारण उत्तर येईपर्यंत ठोकत राहायचं असतं.

उत्तर दिलं, तर ते इथेच राहतील.

नाही दिलं, तर ते किती वेळ ठोकत राहतील, आणि वर कुणी आहे की नाही, हे त्यांना कोण सांगणार?